'शाळा'तला जोश्या पडद्यावर गप्प का बसला?

बाकावरचा
परवा 'शाळा' पुन्हा बघितला. सुजय डहाकेचा, जानेवारी २०१२ मध्ये लागलेला. तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट तर झालाच, वर अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचाही पुरस्कार मिळाला. कॅमेरा, मुलांचे चेहरे, सत्तरचं दशक, सगळ्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. माझं भांडण त्या पटकथेच्या पुरस्काराशी आहे.

'पुस्तकातलं अमुक गाळलं' ही रड मला रडायची नाही. तीनशे पानं दोन तासांत बसवायची तर गाळावं लागणारच. पण मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत (२००४) घटना तशा कितीशा आहेत? नववीचं एक वर्ष, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा, सुऱ्या, चित्रे, फावड्या हे दोस्त, समोर जोश्याला आवडणारी शिरोडकर. बस. पुस्तक उभं आहे ते मुकुंद जोशीच्या बोलण्यावर. बाहेर तो शहाणा मुलगा आणि डोक्यात अखंड भंकस. मास्तरांची टर, आईबापांची टर, स्वतःचीसुद्धा. चित्रपटात बाहेरचा जोशी आलाय, आतला राहिला. पडद्यावर तो बहुतेक वेळ नुसता बघत असतो. त्यामुळे चावट, चौकस पोरगा एकदम सालस होऊन बसला.

उन्हाळी सुट्टी
असहमत. डोक्यातलं बोलणं पडद्यावर आणायचं म्हणजे मागून निवेदन लावायचं. तसं केलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की हे श्रुतिका ऐकवताहेत. जोश्या झालेल्या अंशुमन जोशीचा चेहरा बघा की. शिरोडकर (केतकी माटेगावकर) जवळून गेली की त्याचं जे काही होतं, त्याला पुस्तकात परिच्छेद लागतो, इथे दोन सेकंद पुरतात. दिएगो रोमेरोचा कॅमेरा त्या वयाइतकाच धूसर आहे. शिवाय मुलं खरोखर त्या वयाची वाटतात, हे आपल्याकडे किती चित्रपटांत दिसतं? दोनच वर्षांनी कोवळ्या वयातल्या प्रेमावरचाच 'टाईमपास' आला. तो बघून या आणि मग 'शाळा'ला नावं ठेवा.

बाकावरचा
'टाईमपास'शी तुलना कशाला? तो हसवायला आला होता, हसवून गेला. आणि निवेदन हा एकच मार्ग थोडाच आहे? चौघं अड्ड्यावर बसल्यावर जीभ सुटू द्यायची. 'गमभन' नाटक याच कादंबरीवरचं, तिथे सगळा डोलारा बोलण्यावरच होता ना?

रद्दीवाला
नाटकात बोलणार नाहीत तर काय करणार, साहेब. 😀
मला वेगळंच खुपतं. कादंबरीतली आणीबाणी. घरात मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात आणि पोराला अर्धंच कळतं. शाळेत शिस्त, बाहेर शिस्त, आणि याच वर्षी याला प्रेम सुचतंय. चित्रपटात ती नेपथ्यासारखी उरली आहे. ज्यांना १९७५ म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यांनाच जाणवते. माझ्या भाच्याला चित्रपट आवडला, पण 'मामा, ते रेडिओवालं काय होतं?' असं त्यानं विचारलंच.
(अमृता खानविलकर परांजपे बाई म्हणून आल्यावर आमच्या रांगेतून जो सुस्कारा निघाला, तो मात्र अस्सल नववी-अ होता.)

उन्हाळी सुट्टी
भाच्यानं विचारलं, म्हणजे काम झालंच की. नववीतल्या पोराला तेव्हा तरी आणीबाणी कुठे पूर्ण कळली होती?

रद्दीवाला
हे मात्र बिनतोड. माझी तक्रार निम्मी मागे.

माजी वर्गशिक्षिका
मी १९७६ साली नववीलाच शिकवत होते, म्हणून लिहिते. चित्रपट मला आवडला, पण शाळा फार शांत वाटली. माझ्या वर्गात पंचावन्न मुलं होती. फळ्याकडे तोंड केलं की मागे कंपासपेट्या वाजायच्या, बाकाच्या फटीत करकटक अडकवून 'टण्ण' करणारा एक तरी असायचाच. जोश्याशी मोकळेपणानं बोलणाऱ्या नारूमामासारखा मामा आमच्या पोरांना नव्हता, त्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. पुस्तक वाचताना तो गलका ऐकू येतो. चित्रपटात अलोकनंदा दासगुप्तांचं संगीत ऐकू येतं. गोड आहे, पण आमची शाळा एवढी गोड नव्हती हो. बाकावरचा म्हणतात ते बोलणं गेलं, तसा हा आवाजही गेला.

उन्हाळी सुट्टी
बाई, तुमच्याशी वाद घालायची हिंमत नाही. तरीही, आठवणीतली शाळा अशीच शांत नसते का? मला माझ्या वर्गातला एकही आवाज आठवत नाही. दुसऱ्या रांगेतली एक वेणी आठवते, लाल रिबिनीची.

बाकावरचा
घ्या! पण कादंबरीत जोश्या आठवत नाहीये, तो नववीत आहे. आत्ता, या तासाला. तुमचा चित्रपट चाळिशीतल्या जोशींनी काढलाय, हेच मी मघापासून सांगतोय.

उन्हाळी सुट्टी
चाळिशीतल्या जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात माझी चूक नाही.

रद्दीवाला
वाद बाजूला. बाई, चिठ्ठ्या सापडल्या की तुम्ही काय करायचात?

माजी वर्गशिक्षिका
ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत.