मदत हवी आहे: एक-चौदावर (गोव्यातला सातबारा) नाव असूनही मुंडकारी घराची खरेदी अडली

फोंडेकर२२: खरेदीचा अर्ज परत आला. 'आधी मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा) असल्याची घोषणा आणा' म्हणतात. इतर हक्कांच्या रकान्यात वडिलांचे नाव आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत. बँक थांबली आहे, लवकर सांगा.

साळावली: पंचायत की पालिका? वडील हयात आहेत? घर कोणी बांधले?

फोंडेकर२२: पंचायत. वडील वारले. घर आजोबांनी भाटकाराच्या परवानगीने बांधले.

कुळागर: आधी सनद काढा. झोन बघितला का?

साळावली: सनद जमिनीचा वापर बदलण्यासाठी. जमीनच नावावर नाही, तर सनद कसली?
फोंडेकर, घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे आणि इतर हक्कांतली नोंद हा फक्त पुरावा. १९७५च्या मुंडकार कायद्यात आधी मामलेदाराकडून कलम ८-अची घोषणा, मग खरेदी. अर्जदार म्हणून वडिलांचे सगळे वारस घाला. भाटकार हयात आहे का? मेलेल्याच्या नावे नोटीस निघाली तर निकाल टिकत नाही.

फोंडेकर२२: तोही वारला. मुले पोर्तुगालला.

साळावली: हे आधी सांगायचे! वारसांची नावे काढा. पत्ते मिळत नसतील तर वृत्तपत्रात नोटीस द्यायची परवानगी मागा.

बांदोडा_भाट: भाटकाराची जमीन कवडीमोलाने जाते, याला कोण मालकी हक्क म्हणतो?

कुळागर: मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनेच गेला. उरले घटनेचे कलम ३००-अ: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही, एवढेच.

बांदोडा_भाट: म्हणून कोणीही यावे आणि घ्यावे?

साळावली: तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. फोंडेकर, घराचे माप?

फोंडेकर२२: ६ बाय ८ मीटर. मागे शौचालय आहे.

साळावली: पंचायतीत बाहेरच्या भिंतींपासून ५ मीटर किंवा घर धरून एकूण ३०० चौ. मी., निवड मुंडकाराची. तुमचे १६ बाय १८, म्हणजे २८८ होतात, तेव्हा ३०० मागा. घर १० बाय ८ असते तर ३६० झाले असते, मग ५ मीटरच फायद्याचे. टेप भिंतीला लावायची, पाकाडीला (छपराच्या कडेला) नव्हे. शौचालय आणि यायची वाट पंचनाम्यात नोंदवून घ्या, नंतर दुरुस्तीला फेऱ्या होतात.

फोंडेकर२२: वाट शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरातून जाते.

कुळागर: अरे देवा. जागेचा प्लॅन इथे टाका.