'मागावर' म्हणजे नक्की कुठं?

माळरान: परवा घरी गंमतच झाली. डिसेंबर २०२४ ला येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसलेला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पुढं बार्शी भागात शिरला होता ना, त्याची जुनी बातमी मी मोठ्यानं वाचत होतो, "वनखातं वाघाच्या मागावर", तर आजोबा चहाची बशी तशीच धरून म्हणतात, "वनखात्यानं माग कधी टाकले?" त्यांची उभी हयात यंत्रमागावर गेली, सोलापुरात 'मागावर आहे' म्हणजे माणूस कामाला गेलाय, विषय संपला. तर ट्रॅकिंगला 'माग काढणे' म्हणायचं का 'माग घेणे'? आणि कॅमेरा ट्रॅपलाही, म्हणजे जंगलात बांधून ठेवलेल्या, जनावर पुढनं गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यालाही, तेच चालेल का?

चादरवाला: आजोबा बरोबरच आहेत की ओ :) माझ्या मते काढणे आणि घेणे यात फरक आहे. काढायला आधी खूण पाहिजे, ओल्या मातीत पंजा, झाडावर ओरखडे, विष्ठा, आणि तिथनं जनावर कुठं गेलं ते हुडकायचं, म्हणून चोराचाही मागच काढतात. (वाघ-बिबट्याच्या ठशात शक्यतो नखं उमटत नाहीत, चालताना आत ओढलेली असतात, कुत्र्याची उमटतात. बिबट्या बिबट्या ओरडायच्या आधी तेवढं बघत जा.) घेणे म्हणजे लांबलचक काम, मागं लागून राहणं. २०१९ ला टिपेश्वरच्याच एका वाघाला रेडिओ कॉलर (जनावर कुठं आहे ते कळवणारा गळ्यातला पट्टा) लावलेली, तो तेलंगणातनं फिरत फिरत १३०० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तिथं 'माग घेतला' शोभतं.

उसातला_वाघ: कॅमेऱ्याला तेवढं माग म्हणू नका राव, कॅमेरा कुठं कुणाच्या मागं जातो? वाटेच्या दोन्ही बाजूला समोरासमोर बांधून ठेवतात कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, आणि वाघच आपल्या पायानं त्याच्यापुढनं जातो. बार्शीचा वाघ टिपेश्वरचाच हे पट्टे जुळवूनच कळलं, ती झाली 'ओळख पटवणं'. कधी निघतो, कुठं पाणी पितो असल्याला 'पाळत' म्हणतात, पण त्याला चौकीचा वास येतो. मी 'वावर' लिहितो, बातमीतही चालतं.

माळरान: दादा, वावर आवडला. लगेच आजोबांना वाचून दाखवलं, "बार्शी तालुक्यात वाघाचा वावर". ते मूळचे बार्शीकडचे, म्हणाले, "किती एकर?"