सर आणि सेटर यांच्यात विस्तव जात नाही, कर्णधाराने काय करावं?

मदत हवी आहे. मी कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार आहे. सेटरचे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीचे, एक-दोन पास चुकले की आमचे कोच तिला लगेच बाहेर काढतात आणि सगळ्यांसमोर झापतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका सेटमध्ये 6च बदल मिळतात (लिबेरोची, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणारीची, अदलाबदल त्यात धरत नाहीत). सुरुवातीपासून खेळणारी बाहेर गेली, तर त्या सेटमध्ये एकदाच परत येऊ शकते. म्हणजे रागाच्या भरात केलेला बदल शेवटी संघालाच भोवतो. त्यात दुसरा स्पर्श बहुतेक वेळा सेटरचाच, आणि ती घाबरून खेळली की स्मॅश मारणाऱ्यांचाही ताल बिघडतो.

तिचं म्हणणं, चूक जरूर सांगा, पण सामन्यानंतर, बाजूला घेऊन. सर म्हणतात, एवढं मनाला लावून घेणारीने खेळूच नये. तिचंही सगळं बरोबर नाही हं. हल्ली ती सरावाला मुद्दाम उशिरा येते आणि सरांनी काही सांगितलं की तोंड फिरवते. आता संघातही दोन गट पडलेत.

मी आधी सरांशी एकटीने बोलू, की दोघांना समोरासमोर बसवू? निवड सरांच्याच हातात असल्यामुळे ती समोर मोकळेपणाने बोलेल असं वाटत नाही. क्रीडा विभागप्रमुखांकडे गेले तर सरांना ती तक्रारच वाटेल. कोणी स्वतः कोच असाल तर सांगा, खेळाडूने हा विषय कसा काढला तर तुम्ही ऐकून घ्याल?