‘अ‍ॅक्ट्स ऑफ जेनोसाइड’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: ‘हॉटेल रवांडा’ची (२००४) मराठी सबटायटल्स करतेय. १९९४ सालचं किगाली, रवांडाची राजधानी. हॉटेलचा मॅनेजर १,२००हून जास्त लोकांना आसरा देतो, आणि रेडिओवर अमेरिकी प्रवक्त्या नुसतं ‘जेनोसाइड’ म्हणायचं टाळून ‘अ‍ॅक्ट्स ऑफ जेनोसाइड’ म्हणतात. ‘वंशसंहाराची कृत्यं’ लिहिलं तर ती टाळाटाळ ऐकूच येत नाही. संहार हे कृत्यच ना!

उंबरठा: ‘वंशसंहारसदृश घटना’. आपल्याकडे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ म्हणतात, तेव्हा काय होतं ते शेतकऱ्याला विचारा.

शब्दवेडी: फार जवळ आलात. पण ‘सदृश’ म्हणजे तसं दिसतं, तसं नाही. बाईंनी नाकारलं नव्हतं, अर्धंच कबूल केलं होतं.

जुनाबोरू: मुळात ‘वंश’च चुकीचा. मारणारे हुतू आणि मारले गेलेले तुत्सी, रवांडातल्या या दोन्ही जमातींची भाषा किन्यारवांडा, बहुतेक सगळे ख्रिस्ती. ओळखपत्रांवर जमात छापली ती बेल्जियमच्या राजवटीनं. ‘जनसंहार’ म्हणा. ‘नरसंहार’ नको, तो हिंदीतून आलाय.

पाणवठा: नर आणि संहार, दोन्ही आपलेच, हिंदीचं काय त्यात? शुद्धतेचंच म्हणाल तर लेम्किन या कायदेतज्ज्ञानं १९४४ साली ग्रीक ‘गेनोस’ला (वंश) लॅटिन शेपूट लावून ‘जेनोसाइड’ हा शब्द केला. मग ‘वंशकत्तल’ का चालू नये?

जुनाबोरू: संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या जेनोसाइडविरोधी करारात जन्म रोखणं, मुलं हिसकावून दुसऱ्या गटात देणं हेही येतं. कत्तलीत ते मावत नाही.

मंजिष्ठा: ‘निर्वंश’मध्ये मावतं. बांधावरच्या भांडणात कुणी ‘तुझा निर्वंश होवो’ म्हणालं, की आजी आम्हा पोरांना घरात ओढून घ्यायची. बाकी शिव्या चालायच्या, हा शाप नाही. ‘निर्वंश करणे’ लिहा.

उंबरठा: शाप एका घराला असतो. इथे सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली.

मंजिष्ठा: घराघरातच मारली ना? शेजाऱ्यांनी?

शब्दवेडी: ‘निर्वंश’ वहीत लिहून ठेवलाय. परिचयात मी ‘सामान्य माणसाची शौर्यगाथा’ लिहिलंय, ते तरी बरोबर आहे ना?

पाणवठा: शौर्य म्हटलं की तलवार दिसते. हा माणूस अधिकाऱ्यांना दारू पाजून, फोन लावून एकेक दिवस पुढे ढकलतो. त्याला ‘धीर’ म्हणतात.

जुनाबोरू: धीर धरून माणूस बसतो. हा बसलेला नाही. ‘धैर्य’.

पाणवठा: एकाच धातूचे आहेत की दोन्ही! आमच्याकडे बाळंतिणीलाही ‘धीराची आहे’ म्हणतात. ती काय नुसती बसून असते?