उत्तर: मोटारसायकलचा डीकॉम्प्रेशन लिव्हर किक मारताना दाबून धरायचा नाही

किकने गाडी सुरू कशी करायची, या प्रश्नावर कुणी लिहिलंय की डीकॉम्प्रेशन लिव्हर (इंजिनमधला दाब सोडणारा छोटा दांडा) दाबून धरायचा आणि जोरात किक मारायची. हे मला पटत नाही. लिव्हर दाबलेला असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) किंचित उघडा राहतो, दाब तयारच होत नाही, मग इंजिन पेटणार कसं? त्याचं काम किकच्या आधीचं. किक हळूहळू खाली न्यायची, पाय अडला की लिव्हर दाबून पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वात वरच्या जागेच्या) जेमतेम पुढे सरकवायचा. मग लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि एकच सलग, लांब किक मारायची. पुढचा कॉम्प्रेशन स्ट्रोक (पिस्टन वर जाताना दाब तयार होतो तो टप्पा) यायच्या आधी क्रँकला (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याला) जवळजवळ दीड फेरा मोकळा मिळतो, फ्लायव्हील (त्यावरचं जड चाक) वेग धरतं आणि तेच पिस्टनला दाबापार नेतं. पायातली ताकद इथे दुय्यम आहे.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे लिव्हरच्या केबलला थोडा ढिलेपणा हवा. माझी गाडी दोन महिने सुरू व्हायला त्रास द्यायची, किकही पोकळ लागायची. कार्ब्युरेटर, प्लग सगळं करून झालं. शेवटी दिसलं की ही केबल जास्त घट्ट ओढलेली होती आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. असं चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातलं अंतर) सेट केल्यावर लिव्हरला थोडा मोकळा खेळ आहे ना, हे दर वेळी बघाच.