यंदा मोसम होणार का? हौशी बेसबॉलवाल्यांचे अनुभव

मध्य न्यू जर्सी, मे २०२०

एरवी मेच्या मध्यापर्यंत आमच्या रविवारच्या लीगचे चार-पाच सामने उरकलेले असतात. यंदा करोनामुळे मैदानाच्या फाटकाला कुलूप आहे. १२ मार्चला मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगने, आपला मोसम पुढे ढकलला, त्यानंतर काही दिवसांतच आमच्या गावाने मैदानांच्या परवानग्या थांबवल्या. तेव्हापासून आमची कार्यकारिणी दर सोमवारी रात्री झूमवर बसते आणि विषय एकच असतो: अजून थांबायचं, की यंदाचा मोसम रद्द म्हणून सांगून टाकायचं?

मेजर लीगकडे वकील आहेत, डॉक्टर आहेत, खेळाडूंची संघटना आहे. आमच्या कार्यकारिणीत एक शाळामास्तर, एक प्लंबर, एक हिशेबनीस आणि मी. चौघंही फुकट काम करणारे. वर्गणी फेब्रुवारीतच गोळा झाली. त्यातून विम्याचा हप्ता गेला, चेंडू आले, ती खोकी माझ्या गॅरेजमध्ये पडून आहेत. मैदानाचं भाडं आणि अंपायरचं मानधन अजून द्यायचंय. काही खेळाडूंच्या नोकऱ्या गेल्यात, त्यांनी पैसे परत मागितले, ते आम्ही लगेच दिले. पण सगळ्यांनी मागितले तर पुढच्या वर्षी लीगच राहणार नाही.

आमच्यात कोणी मोठा खेळाडू होणार नाहीये. अठरा वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या बाप्यापर्यंत सगळे आठवडाभर कामं करून रविवारी येतात. मी सांगलीत क्रिकेट खेळलेला माणूस. इथे आल्यावर पहिली काही वर्षं ऑफिस आणि घर याच्यापलीकडे कोणी ओळखीचं नव्हतं. या लीगने मला माणसं दिली. म्हणून हा प्रश्न मला रविवारच्या करमणुकीपुरता वाटत नाही. ५ मेपासून कोरियात सामने सुरू झालेत, रिकाम्या स्टेडियममध्ये. ते मी पहाटे उठून बघतो आणि सामना संपला की पुन्हा गव्हर्नरांच्या घोषणेची वाट बघत बसतो.

हौशी बेसबॉलशी तुमचा कसलाही संबंध असेल, खेळाडू, पालक, अंपायर, स्कोअर लिहिणारे, कोणीही, तर तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. स्वतःच्या मैदानावरचं सांगा.

न्यू जर्सी, मे २०२०

दादा, मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. बारा वर्षांचा आहे. ज्यांना लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं संघटित बेसबॉल, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बारा हे त्या छोट्या मैदानावरचं शेवटचं वर्ष. तिथे पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) होम प्लेट, म्हणजे जिच्या बाजूला बॅटर उभा राहतो ती जमिनीतली पाटी, ४६ फुटांवर असते. पुढे मैदान वाढत जातं आणि मोठ्यांचं ते अंतर ६० फूट ६ इंच. पुढच्या वर्षी तो मोठ्या मैदानावर सगळ्यांत लहान असेल. म्हणजे 'यंदा नाही तर पुढच्या वर्षी' हे त्याला सांगताच येत नाही.

आधी ६ एप्रिलपर्यंत बंद असं आलं. त्याने कॅलेंडरवर खूण केली. मग ११ मे झालं. दुसरी खूण केली. ३० एप्रिलला विल्यम्सपोर्टची लिटल लीग वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९४७ पासून एकदाही न चुकलेली स्पर्धा. आमची टीम तिथवर पोचणार नव्हती हे त्यालाही कळतं, तरी त्या रात्री तो जेवला नाही. त्यानंतर कॅलेंडरवर खुणा करणं त्याने बंद केलं.

माझे सासरे सातारला आहेत, वय ७८. तिकडे लॉकडाऊन, विमानं बंद, त्यांना काही झालं तर आम्ही पोचू शकणार नाही. अशा दिवसांत पोराच्या बेसबॉलसाठी मन खट्टू होतं हे कोणापाशी बोलायचीही चोरी वाटते. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. दु:खं मोठी-छोटी असली तरी घरात एकाच वेळी नांदतात, आणि त्याच्या वयाला त्याचं हे दु:ख पूर्ण आकाराचंच आहे.

टोकियो, जून २०२०

इकडे अशा हौशी बेसबॉलला 'कुसायाक्यू' म्हणतात. आमचा ऑफिसच्या लोकांचा संघ आहे. रबराचा चेंडू, नदीकाठची मैदानं, पहाटेचे सामने. मैदान मिळवण्यासाठी महिन्याची सोडत निघते आणि नंबर लागला तर सगळ्या संघाला आनंद. ७ एप्रिलला टोकियोत आणीबाणी जाहीर झाली, ती २५ मेला उठली. मधल्या काळात सोडतच नव्हती. आता पुन्हा अर्ज भरायला लागलोय. आमचं फार काही बिघडलं नाही, खरं सांगायचं तर.

बिघडलं ते शाळेतल्या मुलांचं. २० मेला उन्हाळ्यातली कोशिएन, म्हणजे हायस्कूलची देशव्यापी बेसबॉल स्पर्धा, रद्द झाली. वसंतातली मार्चमध्येच गेली होती. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षेचं घरात जे वातावरण असतं, ते इथे कोशिएनच्या दिवसांत अख्ख्या देशात असतं. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दुसरी संधी नाही. आमच्या संघाचा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) स्वतः शाळेत असताना प्रांताच्या पात्रता फेरीतच हरला होता. तो म्हणाला, "हरायला मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती, या मुलांना तेही नाही मिळालं." हे बोलताना त्याचा आवाज बसला. चाळिशीतला माणूस.

हरलेला संघ कोशिएनच्या मैदानाची माती पिशवीत भरून घरी नेतो, ही तिथली रीत. ते मैदान हान्शिन टायगर्स या व्यावसायिक संघाचं घर. त्यांनी आता ठरवलंय की शेवटच्या वर्षाच्या सगळ्या खेळाडूंना ती माती घातलेली की-चेन द्यायची. आणि वसंतातल्या स्पर्धेसाठी निवडलेल्या ३२ शाळांना ऑगस्टमध्ये तिथे एकेक सामना खेळायला मिळणार आहे. जिंका किंवा हरा, एकच सामना. पण आमचा कॅचर सुट्टी टाकून घरी टीव्हीसमोर बसणार आहे, आणि मीही.

मध्य न्यू जर्सी, जूनअखेर २०२०

आमच्याकडे निर्णय झाला. राज्याने २२ जूनपासून सरावाला परवानगी दिली, ६ जुलैपासून सामने खेळता येतील. आमची मतं घेताना जी चर्चा झाली ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

मला वाटलं होतं तरुण पोरं 'खेळू या' म्हणतील आणि वयस्कर 'नको' म्हणतील. झालं उलटं. आमच्यातला एक पोरगा पॅरामेडिक आहे. एप्रिलमध्ये त्याने जे पाहिलं ते त्याने थोडक्यात सांगितलं आणि म्हणाला, "मी यंदा खेळणार नाही, पण तुम्ही खेळलात तर मला राग येणार नाही." त्यावर बराच वेळ कोणी माईक सुरू केला नाही. दुसरा एकजण आजीसोबत राहतो, त्यानेही नाव मागे घेतलं. पन्नाशीचे मात्र म्हणत होते की आमच्याकडे उरलेले मोसमच थोडे आहेत.

शेवटी ठरलं ते असं. न खेळणाऱ्याची जागा पुढच्या वर्षी त्याचीच, वर्गणीही त्याच्या नावावर जमा. गुणतक्ता ठेवायचा नाही, अंतिम सामना नाही. हे महत्त्वाचं, कारण तक्ता असला की ताप अंगावर काढून येणारे निघतात. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या आडोशात, सगळ्यांनी बसायचं नाही, निम्म्यांनी कुंपणालगत खुर्च्या टाकायच्या. प्रत्येकाची बॅट, हेल्मेट, पाणी स्वतःचं. सूर्यफुलाच्या बिया चघळणं बंद, थुंकणं बंद, बोटं चाटून चेंडू धरणं बंद. ज्यांनी बेसबॉल जवळून पाहिलाय त्यांना कळेल की यातली शेवटची अट पिचरला किती जड जाते. हात आपोआप तोंडाकडे जातो.

आता अडलंय ते अंपायरवर. निम्म्याहून अधिक नको म्हणाले.

बॉस्टनजवळ, जुलै २०२०

अंपायरचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी निवृत्त इंजिनिअर, साठी उलटलेली, बरीच वर्षं शनिवार-रविवार मुलांच्या आणि हौशी मोठ्यांच्या लीगमध्ये अंपायरिंग करतो. हौशी बेसबॉलमधले बहुतेक अंपायर माझ्याच वयाचे, कोणाला मधुमेह, कोणाच्या हृदयात स्टेंट. लीग सुरू करायला परवानगी मिळते, पण प्लेटमागे उभं कोण राहणार हा विचार सगळ्यांत शेवटी होतो. आमची जागाच अशी की बॅटर, कॅचर आणि अंपायर तिघांची डोकी हातभर अंतरात. कॅचर प्रत्येक चेंडूला श्वास सोडतो तो ऐकू येतो.

मुलीने फोनवर स्वच्छ सांगितलं, "बाबा, यंदा नाही." बायकोने तेच सांगितलं. शेवटी तोड निघाली: पिचरच्या मागे उभं राहून निकाल द्यायचा. लिटल लीगच्या मार्गदर्शनातही ही मुभा दिलेली आहे. ६ जुलैपासून इथे सामन्यांना परवानगी मिळाली आणि मी मास्क लावून मैदानात उतरलो.

तिथून खेळ वेगळाच दिसतो. प्लेटच्या डाव्या-उजव्या कडा बऱ्या कळतात. गुडघ्याची रेषा, म्हणजे वैध चेंडूची खालची हद्द, मात्र कळत नाही. चेंडू आपल्यापासून दूर जात असतो, प्लेटवरून जाताना किती खाली आला हे कॅचरच्या मिटवरून (जाड ग्लोव्हवरून) ताडावं लागतं, आणि हुशार कॅचर खालचा चेंडू झेलता झेलता मिट अलगद वर आणतो. प्लेटमागून ही चलाखी दिसते, इथून दिसत नाही. म्हणून सामन्याआधी दोन्ही कोचना मी सांगतो की खालच्या चेंडूला आज थोडं सांभाळून घ्या. एकदाही कोणी वाद घातला नाही. जोरकस सरळ फटका अंगावर येण्याची धास्ती असते, ती मोठ्यांच्या सामन्यात फारच, त्यामुळे मी यंदा फक्त लहान मुलांचे सामने घेतोय.

चेंडूला मी हात लावत नाही. प्रत्येक संघ आपले चेंडू आणतो, दर दोन डावांनी बदलतो. शेवटी हस्तांदोलन नाही, दोन ओळीत उभं राहून टोप्या उंचवायच्या. मुलं हे इतक्या मनापासून करतात की मला वाटतं ही पद्धत पुढेही ठेवावी.

न्यू जर्सीच्या ताईंना एक सांगायचंय. शरद ऋतूतही छोटी लीग होते, तिथे वयाच्या बाबतीत काही ठिकाणी सवलत देतात. तुमच्या स्थानिक लीगला आत्ताच विचारा.

दक्षिण मिनेसोटा, जुलै २०२०

आमच्याकडे टाउन बॉल. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाचंसुद्धा स्वतःचं बेसबॉल मैदान, दिवे आणि संघ. राज्याची हौशी स्पर्धा १९२४ पासून चालत आलीय. मी फार्मासिस्ट, आमच्या गावच्या संघाचा स्कोअर लिहिते. संघाचा खर्च निघतो तिकिटांवर आणि सामन्यादिवशी विकल्या जाणाऱ्या खाण्यापिण्यावर. प्रेक्षक कमी म्हणजे पुढच्या वर्षीच्या चेंडूंचे पैसे कमी, इतकं साधं गणित आहे. गावातल्या दुकानदारांनी कुंपणावरच्या जाहिरातींचे पैसे यंदाही दिले, स्वतःची दुकानं बंद असताना. ते कुठेतरी नोंदवलं जावं म्हणून इथे लिहिलं.

कोल्हापूर जिल्हा, ऑगस्ट २०२०

तुम्हा सगळ्यांचं वाचतोय. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. इकडे बेसबॉल म्हटलं की लोक सॉफ्टबॉल समजतात, पण आमच्या मुलामुलींचे दोन्ही संघ आहेत. मार्चपासून शाळा बंद. यंदा शालेय स्पर्धा होतील असं दिसत नाही, आणि आमच्या मुलांसाठी स्पर्धा म्हणजे दहावी-बारावीचे सवलतीचे गुणही असतात. पालक रोज विचारतात, माझ्याकडे उत्तर नाही.

'प्रत्येकाने स्वतःचं साहित्य आणावं' हा नियम वाचून मी थांबलो. आमच्याकडे ग्लोव्ह शाळेचे. एका डावात एकाने घालायचा, पुढच्या डावात तोच समोरच्या संघातल्याने. घामाने ओला असतो, तसाच घालतात. म्हणजे उद्या परवानगी मिळाली तरी त्या नियमाने आमचा सामना होऊच शकत नाही. सध्या मुलं घरी भिंतीवर टेनिस बॉल मारून उघड्या हातांनी झेलतात आणि व्हिडिओ पाठवतात. एका मुलीने गोठ्याच्या भिंतीवर खडूने चौकट आखलीय आणि त्यात पिचिंग करते. नेम रोज सुधारतोय.

मध्य न्यू जर्सी, ऑगस्ट २०२०

सर, आमच्या लीगमध्ये प्रत्येकाच्या घरी एक-दोन जुने ग्लोव्ह पडून असतात. कालच्या सामन्यानंतर विषय काढला, तर लगेच खोकं भरायला घेतलं. प्लंबर गृहस्थ तर म्हणाले, पाठवणीचा खर्च माझा. टपाल कधी पोचेल याचा सध्या भरवसा नाही, पण पाठवतोच. मुलांची वयं कळवा, त्या मापाचे निवडतो. आणि डावखुरी किती?

कोल्हापूर जिल्हा, ऑगस्ट २०२०

बहुतेक तेरा ते सोळा वयाची आहेत. कॅचरचा मिट एकच आहे आणि त्याची शिवण गेलीय, तो मिळाला तर सगळ्यांत आधी हवा. डावखुरी एकच, ती गोठ्याच्या भिंतीवाली. तिला आजवर उलट्या हाताचाच, म्हणजे तिच्या फेकायच्या हातात बसणारा, ग्लोव्ह मिळालाय. झेलते त्याने, काढून बगलेत धरते, मग फेकते.