संशोधन केंद्राच्या वार्तापत्रात नेमके काय असावे?

निरभ्र (प्रश्न)
मी वातावरणविज्ञानाच्या एका संशोधन केंद्रात प्रशासनाचे काम पाहतो आणि सहा महिन्यांपासून आमच्या अंतर्गत मासिक वार्तापत्राची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आजवरच्या अंकांत शोधनिबंध, मंजूर प्रकल्प आणि पाहुण्यांची व्याख्याने एवढेच छापले गेले. हवामानाच्या मोजणीसाठी फुगे सोडणारे, उपकरणे सांभाळणारे आणि संगणक कक्षातले सहकारी ते उघडूनही पाहत नाहीत, कारण त्यात त्यांचे काहीच नसते. त्यांच्याही बातम्या घ्याव्यात असे सुचवले, तेव्हा ‘हे विज्ञानसंस्थेचे वार्तापत्र आहे, सोसायटीचा सूचनाफलक नव्हे’ असे उत्तर मिळाले. निवृत्ती, उपकरणांची दुरुस्ती, खुला दिवस (लोकांना संस्था आतून पाहता येते तो) यांना त्यात जागा असावी का?

जुना निरीक्षक
असावी, आणि त्याचे कारण केवळ आपुलकी नव्हे. आपल्या विषयात चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवावा लागतो. मधल्या काळात संवेदक कधी बदलला, उपकरण कुठे हलवले, हे ठाऊक नसेल तर आलेखातली उडी हवेमुळे आली की माणसामुळे, हे सांगता येत नाही. समुद्रपृष्ठाचे तापमान पूर्वी जहाजावरून बादलीने पाणी वर ओढून मोजत आणि पुढे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्यावरून मोजू लागले. बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने जरासे निवते, त्यामुळे मोजण्याची पद्धत बदलली एवढ्यानेही जुन्या नोंदींत फरक पडला आणि तो दुरुस्त करणाऱ्यांना कोणत्या काळी कोणती पद्धत होती याचा माग काढत बसावे लागले. असे तपशील अधिकृत माहितीकोशात असतात, असे तुम्हाला सांगितले जाईल. असायला हवेत हे खरे. पण पर्जन्यमापकाची जुनी जागा मला एकदा सापडली ती एका निरोप समारंभाच्या छायाचित्रात, हार घातलेल्या सत्कारमूर्तींच्या मागे.

पहाटेचा फुगा
जागतिक प्रमाणवेळेचे ०० आणि १२ वाजणे धरून जगभर रेडिओसॉन्ड, म्हणजे फुग्याला बांधलेली, वरच्या हवेचे तापमान, आर्द्रता वगैरे मोजून रेडिओने कळवणारी यंत्रे, सोडली जातात. त्यासाठी आम्ही पाऊण-एक तास आधीच मैदानात असतो. वारा जोराचा असला की फुगा आडवा पडतो. एकाने फुगा सोडायचा आणि यंत्र धरणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने त्याच्याखाली धावत जाऊन दोरी ताणली जाताच हात सोडायचा. क्षणभर चुकले की यंत्र जमिनीवर आपटते आणि दुसरा फुगा भरायला घ्यावा लागतो. जमिनीवर दीड-दोन मीटर व्यासाचा तो फुगा सुमारे ३० किलोमीटर उंचीवर कित्येक पट मोठा होऊन फुटतो. ‘यंदा इतकी उड्डाणे यशस्वी’ या ओळीत यातले काहीच येत नाही. फसलेल्या उड्डाणाविषयी चार ओळी आल्या, तर नवे सहकारी त्या नक्की वाचतील. माझे नाव आमच्या वार्तापत्रात आजवर एकदाच आले, तेही चुकीचे.

मेघमापक
खुल्या दिवसाला तर अजिबात गौण मानू नका. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे जोनाथन शँकलिन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच एका दिवसाची तयारी करत होते. ओझोनच्या ऱ्हासाची चर्चा तेव्हा चालू होती आणि आपले ताजे आकडे वीस वर्षांपूर्वीसारखेच आहेत, हे त्यांना पाहुण्यांना दाखवायचे होते. अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातल्या, ओझोन मोजणाऱ्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदी मांडल्या, तर वसंत ऋतूतले आकडे घसरलेले निघाले. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा ओझोन छिद्राविषयीचा निबंध मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मात्र आजारपणे आणि घरगुती बातम्या संबंधितांना विचारल्याशिवाय छापू नका. आमच्याकडे त्यावरून बराच मनस्ताप झाला होता.

निरभ्र
सर्वांचे आभार. पुढील अंकापासून शेवटचे पान उपकरणांची हलवाहलव, दुरुस्त्या आणि फसलेली उड्डाणे यांसाठी ठेवायला वरिष्ठांनी मान्यता दिली आहे. पर्जन्यमापकाचे वाचून मी आमच्याकडेही चौकशी केली. आमचा पर्जन्यमापक पाण्याच्या नव्या टाकीमुळे हलवला गेला, एवढे तिघांना आठवते. पण तिघांनी तीन वेगवेगळी वर्षे सांगितली. आता टाकीचे बिल शोधतो आहे.